दादाचा घोडा दिल्लीत धावला तेव्हा

आमच्या घरात घोड्याचं नाव निघालं की माय हातातलं काम थांबवायची. तांदूळ पाखडत असली तर सूप तसंच अर्ध्यावर राहायचं, आणि विषय बदलला की मगच पुन्हा फटफट सुरू व्हायची. बाबांचा एके काळी टांगा होता. आमच्या आंधळगावाहून मोहाडीपर्यंत, आणि बाजाराच्या दिवशी थेट तुमसरपर्यंत ते सवाऱ्या नेत. रूपा नावाची तांबडी घोडी होती. मी तेव्हा फार लहान. मला तिचा वास तेवढा आठवतो, ओल्या गोणपाटासारखा, आणि तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, पाय आपटल्याचा तो धप् असा मऊ आवाज. एकदा नाकाडोंगरीकडून मँगनीज भरून येणारा ट्रक वळणावर भोंगा वाजवत अंगावर आला. रूपा बिथरली आणि टांगा रस्त्याखालच्या धानाच्या बांधीत उलटला. टांग्यात माय होती आणि तिचे दिवस भरत आले होते. ते बाळ गेलं. बाबांनी त्याच आठवड्यात घोडी विकली. मायनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त सूप थांबायचं.

पण माझा भाऊ मनोहर, म्हणजे दादा, रूपाच्या पाठीवरच मोठा झाला होता, आणि घोडी विकली तरी त्याच्या मनातून ती गेली नाही. मोहाडीला लग्नाची वरात निघाली की हा वरातीच्या घोड्याचा लगाम धरायला हजर. भंडाऱ्याला फौजेची भरती निघाली तेव्हा उंचीनं बेताचा, अंगानं हलका म्हणून त्याला बाजूला उभं केलं होतं; तेवढ्यात कुण्या साहेबानं विचारलं, घोडा येतो का? दादा म्हणाला, येतो. तेवढ्यावर तो घोडदळात गेला. घरी आल्यावर त्यानं मायपासून काही लपवलं नाही. माय त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासाठी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले, बांधून दिले, आणि एवढंच म्हणाली, "बंदूक दिली असती त मी एवढी भेली नसती."

दादा सुट्टीवर यायचा तेव्हा घर बदलून जायचं. आमचं घर गावाच्या टोकाला होतं, बोडीच्या पाळीखाली. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. पाण्यावरून येणारा वारा ओसरीत शिरायचा आणि संध्याकाळी बेडकांचा गलबला एवढा की बोलणं ऐकू येऊ नये. दादा आला की माय बोडीतले झिंगे आणायला लावायची, भेदरं, म्हणजे टोमॅटो, चुलीच्या आरात भाजून त्यांची चटणी वाटायची, आणि गरम भाताच्या वाफेत तो ताटावर वाकून बसला की त्याच्या मानेवरचं, हातावरचं नवीन खरचटलेलं शोधत राहायची. ते शोधणं मला तेव्हा कळत नव्हतं. आता माझी मुलं पुण्याहून आली की मीही तसंच पाहते. त्यांच्या अंगावर खरचटलेलं काही नसतं, तरी पाहते.

एशियाड दिल्लीला होणार, त्या वर्षी दादा आंब्याच्या दिवसांत आला. त्याच सुट्टीत त्याची सोयरीक ठरली. आंबागडच्या किसनजींची मुलगी, कांता. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं घर, थोडं धान, थोडं जंगलातलं काम. किसनजी बोलायला कमी आणि उंच. दारातून आत येताना मान वाकवावी लागायची. साखरपुडा झाला आणि लग्न दिल्लीचे खेळ संपल्यावर करायचं ठरलं, कारण दादाला मध्ये सुट्टी मिळणार नव्हती. त्याच्याकडे निशान नावाचा घोडा सोपवला होता आणि निशान भारताकडून उतरणार होता.

ओसरीत बसून दादानं आम्हाला तो खेळ समजावून सांगितला. तीन दिवसांचा खेळ. पहिल्या दिवशी घोड्यानं एका चौकोनात नाचल्यासारखं चालायचं, पाय मोजून टाकायचे, आणि स्वारानं हात हलवल्याचं कुणाला दिसता कामा नये. दुसऱ्या दिवशी रानातून पळायचं. ओंडके, खड्डे, नाले, सगळं ओलांडत. तिसऱ्या दिवशी मैदानात दांड्या बांधलेल्या असतात, त्यावरून उड्या. त्यानं पितळी गडवे मांडून रान केलं, ताटात पाणी ओतून नाला केला, आणि माझी लाकडी फणी त्यावरून उडवत नेली. परवा टीव्हीवर आपल्या पोरांनी कुठल्याशा परदेशात घोडेस्वारीचं सोनं मिळवलं, तेव्हा घोडा असाच नाचत चालताना दाखवत होते. माझी नात विचारत होती, आजी, याला हे कुणी शिकवलं असेल? मला ती फणी आठवली.

माय दाराच्या चौकटीत उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "पाण्यात कायले उडी मारवतेत त्याले? बाजूनं जावाले रस्ता नसते का?"

"बाजूनं गेला का बाद होते, माय."

"अन् वर कोन बसते? तू?"

"खेळाच्या दिवशी साहेब बसन. रोजची मेहनत माही. रोज मीच फिरवतो, मीच उडवतो."

"म्हंजे पडाची पाळी रोज तुही," माय म्हणाली, आणि आत निघून गेली. बाबा हसले. दादा हसला नाही. तो गडवे एकेक उचलून जागेवर ठेवत राहिला.

त्यानंतरचे महिने मायनं कसे काढले ते मी पाहिलं आहे. पोस्टमन आमच्या बाजूला वळला की ती उठून उभी राहायची. सायकल पुढे गेली की बसायची. पाऊस झाला, रोवणी झाली, धान पोटरीला आलं, निसवलं, पिवळं पडलं. कापणी लागली. हलकं, लवकर पिकणारं धान घरी आलं होतं आणि उशिरा येणारं भारी धान कापून बांध्यांमध्ये कडपा पसरल्या होत्या. कापलेलं धान उन्हात वाळायला असं पसरून ठेवतात आणि मग भारे बांधून त्याचं पुंजणं रचतात. त्या दिवशी आम्ही तिघंही शेतात होतो. नामदेव गुरुजी आमचे शेजारी, शाळेचे मास्तर. त्यांना मी कधी शेतात आलेलं पाहिलं नव्हतं. ते चपला हातात घेऊन शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून येत होते. मायनं त्यांना लांबूनच पाहिलं आणि हातातला विळा खाली ठेवला. फेकला नाही. नीट, पात्याची बाजू जमिनीकडे करून ठेवला.

"तार आली हाय, भाऊ," गुरुजी बाबांना म्हणाले. "मनोहर घोड्यावरून पडला. मार जास्त हाय म्हनते. लवकर या लिहिलं."

"जित्ता हाय ना?" मायनं विचारलं.

"जखमी लिहिलं, वयनी. जखमी म्हंजे जित्ताच."

"लिहिलं तवा होता," माय म्हणाली.

बाबा त्याच संध्याकाळी वरठी स्टेशनला गेले. दिल्ली म्हणजे काय, कुठे उतरायचं, कुणाला विचारायचं, काही माहीत नव्हतं. गुरुजींनी तारेवरचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात शिवून दिला. मायनं चिवडा बांधला, आणि बाबा निघाल्यावर गुरुजींना थांबवून म्हणाली, "गुरुजी, हे कोनाले सांगू नका. आंबागडले समजलं त सोयरीक मोडन. पोरगा नीट झाला अन् सोयरीक मोडून बसली, असं नको व्हाले. मनोहरच्या बापाले दिल्लीचे खेळ पाहाले बोलावलं, असं सांगू."

गुरुजींनी होकाराची मान हलवली. आणि त्या क्षणापासून आमचं घर एका खोट्या गोष्टीवर उभं राहिलं.

गावाला ती गोष्ट फार आवडली. मनोहरचा बाप एशियाड पाहाले गेला! विहिरीवर, चक्कीवर, सगळीकडे मायला विचारत, "काय वो बाई, कधी येनार मंग? आमच्यासाठी काय आननार?" माय हसायची. घरी आली की ती चुलीपुढे बसायची आणि भात शिजवायची, पण जेवताना घास हातातच राहायचा. मला म्हणायची, "खा वो पोरी," आणि मी खायचे, कारण मी नाही खाल्लं असतं तर तिला आणखी एक काळजी झाली असती. दादानं मागच्या वर्षी आणलेला रेडिओ तिनं कपड्यात गुंडाळून धानाच्या ढोलीत टाकला होता. "तो डब्बा नको मले घरात," म्हणाली. दिल्लीहून काहीच येत नव्हतं. गुरुजींनी उलट तार केली, तिचंही उत्तर नाही. बाबांना अक्षरओळख नव्हती. ते दिल्लीला पोचले की नाही हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. पोस्टमन आता आमच्या बाजूला वळला की माय उठून उभी राहत नव्हती, आत जायची, आणि आतून मला म्हणायची, "पाय, थांबला का."

शाळेत खेळांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. मी संध्याकाळी गुरुजींच्या घरी बातम्या ऐकायला जायचे. हॉकीचं सांगत, पळण्याचं सांगत, घोड्यांचं फारसं सांगत नसत. एशियाडात घोडेस्वारी पहिल्यांदाच होती, त्यामुळे गुरुजींनाही त्यातलं फार कळत नव्हतं. मी मात्र रेडिओजवळ बसून एकाच गोष्टीला भीत होते, की बातम्या देणारा माणूस शेवटी थांबून दादाचं नाव घेईल, आणि ते नाव खेळाच्या बातमीत नसेल.

मग तो दिवस आला. आभाळ दुपारपासून भरून आलं होतं. कापणीच्या दिवसांत पाऊस नको म्हणून सगळं गाव वर पाहत होतं, आणि आमच्या कडपा तशाच पसरलेल्या, उचलायला माणूस नाही. बातम्यांमध्ये सांगितलं, घोडेस्वारीत भारताला सोनं. एकट्या स्वाराचंही सोनं आणि संघाचंही. गुरुजी उभे राहिले. मला आठवतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते माझ्याकडे पाहून पटकन दुसरीकडे पाहू लागले. मी उठून घराकडे पळत सुटले. पण गावात रेडिओ काही एकच नव्हता. मी पोचायच्या आत चौकात डफ वाजू लागला होता.

गाव आमच्या अंगणात आलं. कुणी गुलाल आणला होता, कुणी झेंडूचा हार. "मनोहर जितला! मनोहर जितला!" पोरं ओरडत होती. घोडेस्वारीत भारत जिंकला आणि फौजेच्या घोड्यांवर आमच्या गावचा मनोहर. गावाच्या दृष्टीनं त्यात आणखी काही जुळवायचं उरलंच नव्हतं. माय दारात आली. तिच्या कपाळाला गुलाल लागला. कुणीतरी तिच्या हातात गुळाचा खडा दिला. तिनं तो धरून ठेवला. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात किसनजी आले. आंबागडहून सायकल दामटत आले होते, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. न बोलणारा हा माणूस, पण त्या दिवशी अंगणात शिरताच दोन्ही हात वर करून म्हणाला, "माहा जवाई जितला, बाप्पा! आमच्या आंबागडात साखर वाटून आलो मी! पोरीनं सोता वाटली!" आणि त्यांनी डफवाल्याला आणखी जोरात वाजवायची खूण केली.

माय पायरी उतरून खाली आली. "वाजवू नका," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं पुढे जाऊन डफावर हात ठेवला. आवाज बंद झाला तसं अंगण एकदम मोठं वाटायला लागलं.

"किसनजी, माहा पोरगा खेळला नाई," माय म्हणाली. "तो पडला हाय. खेळाच्या पयलेच पडला. मनोहरच्या बापाले दिल्लीले खेळ पाहाले नाई बोलावलं, पोराले पाहाले बोलावलं. तो जित्ता हाय का नाई, मले मालूम नाई. तुमाले समजू नये म्हनून म्या सगळ्याईले खोटं सांगतलं. साखर वाटू नका."

ज्याच्या हातात हार होता त्यानं तो पाठीमागे धरला. किसनजींचे हात हळूहळू खाली आले. ते मायला म्हणाले, "मले पयले सांगाले पायजे होतं, विहीनबाई." आवाजात राग होता असं मला वाटलं, आज वाटतं की तो माणूस घाबरला होता. मायनं चहाचं विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, सायकल वळवली आणि गेले. माणसं एकेक करून निघाली. एका म्हातारीनं जाताना मायच्या कपाळावरचा गुलाल आपल्या पदरानं पुसून टाकला. घरात आल्यावर माय म्हणाली, "मोडली." मी तिला जवळ घेतलं. तोवर कधी मी तिला जवळ घेतलं नव्हतं, तीच मला घ्यायची.

सकाळी आभाळ आणखी काळं झालं होतं. मायनं विळा घेतला, मी दोर घेतले आणि आम्ही दोघी शेतावर निघालो, जेवढे भारे होतील तेवढे करू म्हणून. बांधीजवळ पोचलो तर तिथे दोन बैलबंड्या उभ्या. किसनजी आणि त्यांच्याकडची चार-पाच माणसं कडपा गोळा करत होती. अर्धी बांधी मोकळी झाली होती. माय धुऱ्यावरच थांबली.

किसनजींनी भारा बांधता बांधता वर न पाहता सांगितलं, "सोयरा म्हनून नाई आलो. पानी येऊन राहिलं म्हनून आलो. धान कोनाचं का असेना, भिजू नाई."

"अन् सोयरीक?" मायनं विचारलं. तिला धीर धरवत नव्हता.

"पोरगा येऊ द्या. मंग पाहू."

दुपारपर्यंत पुंजणं रचून झालं आणि वर तणस टाकेपर्यंत पाऊस सुरू झाला. बांध्या पाण्यानं भरल्या, पण धान वाचलं. त्या पावसातच दोन दिवसांनी बाबांचं कार्ड आलं, नागपूरकडच्या कुण्या जवानाकडून लिहून घेतलेलं. जीव वाचला, कमरेचं हाड मोडलं, पाय हलतो आहे. मायनं गुरुजींकडून ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. "पाय हलतो" एवढं वाक्य तिनं नंतर आम्हाला पाठ म्हणून दाखवलं.

दादा आला तेव्हा थंडी सरत आली होती. वरठीहून बैलबंडीत तणसाची गादी करून त्याला आणला. काठी होती, चेहरा उतरलेला होता, पण दादाच होता. मायनं त्याला आधी काही विचारलं नाही, खाऊ घातलं. हळूहळू त्यानंच सांगितलं. सरावात, खड्ड्यावरून उडताना निशानचा मागचा पाय घसरला. घोडा सावरला, दादा सावरला नाही. खालून त्यानं पाहिलं तेव्हा निशान त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, थरथरत, पण पाय न उचलता. साहेब पुढे त्याच घोड्यावर उतरले. जिंकल्याची बातमी आली तेव्हा दादा दवाखान्यात होता. खाटांवरची सगळी माणसं ओरडत होती, एका पायाचा एक जवान तर उठून नाचायला निघाला. मी विचारलं, "तुले वाईट नाई वाटलं, दादा?" तो म्हणाला, "म्या पयले विचारलं, निशान साफ गेला ना? साफ गेला म्हने. मंग मी लय रडलो. कायच्यानं रडलो ते अजून समजत नाई मले." पुढे फौजेनं त्याला घरी पाठवलं. त्या सोन्याचा फोटो आमच्या घरी कधी लागला नाही, पण निशानच्या आयाळीचे चार केस त्याच्या पाकिटात होते आणि ते मायनं कधी बाहेर टाकले नाहीत.

आल्या आल्याच दादानं बाबांना आंबागडला निरोप घेऊन पाठवलं, की पोरीचं दुसरीकडे पाहा. किसनजींनी निरोप ऐकून घेतला आणि शिमग्याच्या आधी एका सकाळी स्वतः आले. मान वाकवून ओसरीत शिरले, खाटेवर बसले. माय दाराशी उभी, तिच्यामागे मी. दादा समोर बसला होता. त्यानं सरळच सांगितलं, "मामा, मले आता घोड्यावर बसता येनार नाई. डोक्यावर भारा उचलता येनार नाई. फौजेत ठेवनार नाईत. तुमी पोरीले बांधून ठेवू नका."

किसनजी म्हणाले, "चालून दाखवा."

पुढे मलाही पाहायला लोक आले तेव्हा कुणीतरी म्हणालंच, चाल पोरी जरा. पण कुण्या मुलाला असं म्हणताना मी त्यानंतर आयुष्यात ऐकलेलं नाही. बाबांचा चेहरा लाल झाला. दादा मात्र उठला. त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि ओसरीवरून अंगणात उतरला. गोठ्यापर्यंत गेला, वळला. वळताना त्याचा पाय मुडपला, अंग एका बाजूला गेलं. मी पुढे धावणार तोच मायनं माझं मनगट घट्ट धरलं. दादा थांबला, श्वास घेतला आणि परत चालू लागला. ओसरीच्या पायरीशी आला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

किसनजी खाटेवरून उठले. आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी खाट झटकली.

"बसा, जवाई," ते म्हणाले. "निघतानी पोरगी म्हने, चालता येत असन त माहा हो सांगजा, अन् येत नसन तरी हो सांगजा. म्या म्हटलं, थांब बाई, मले पाहून त येऊ दे. बाप हावो मी."

दादा बसला. माय माझं मनगट धरूनच भिंतीला टेकली आणि हळूहळू घसरत खाली बसली, पाय पसरून. तार आली तेव्हापासून मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती. आत चुलीवर चहा उतू जात होता, त्याचा करपलेला वास ओसरीपर्यंत आला, तरी आमच्यापैकी कोणीही उठलं नाही.